बॉल दिसला पाहिजे

आण्णांचं डायलिसिस आठवड्यातून तीन वेळा असतं, दर वेळी चार तास. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शिरा जोडून केलेली जागा, त्यात दोन सुया, त्यामुळं तो हात अजिबात हलवायचा नाही. मोकळा राहतो तो उजवा. सुरुवातीचे दोन महिने मी त्यांना मोबाइलवर काहीबाही लावून द्यायचो. पण एका हातानं मोबाइल धरायचा आणि त्याच हाताच्या अंगठ्यानं काचेवर नेमकं टेकवायचं, हे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला अवघड जातं. अंगठा जरा घसरला की व्हिडिओ पुढं पळायचा. मध्येच कुणाचा फोन आला की सगळंच गायब. मग ते मोबाइल उपडा ठेवायचे आणि पंख्याकडं बघत पडायचे. त्यांचं ते पंख्याकडं बघत पडणं मला बघवत नव्हतं.

त्याच सुमारास माळा आवरताना माझं जुनं पीएसपी सापडलं. सोनीचं प्लेस्टेशन पोर्टेबल, हातात धरून गेम खेळायचं यंत्र, ३००० मॉडेल, नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला घेतलेलं. हातात घेतलं आणि लगेच आण्णा आठवले, कारण त्याला बटणं आहेत. न बघता बोटाला सापडणारी, दाबली की टक् होणारी. स्टार्ट दाबलं की व्हिडिओ थांबतो, पुन्हा दाबलं की चालू, आणि हे बटण उजव्या बाजूलाच आहे. वजन १८९ ग्रॅम. स्क्रीन ४.३ इंची, आडवी. पोटावर शालीची घडी ठेवून त्यावर टेकवलं की एका हाताचं काम.

बॅटरी मात्र फुगून मागचं झाकण वर आलं होतं. ती चार्ज करून बघायच्या भानगडीत मी पडलो नाही. फुगलेली लिथियमची बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, सरळ बाजूला काढायची. नव्या दोन घेतल्या. दोन अशासाठी की वॉर्डातले प्लग मशिनसाठी असतात, तिथं आपला चार्जर लावायचा नाही असं सिस्टरनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि ते बरोबरच आहे.

आता त्यात घालायचं काय, हा प्रश्नच नव्हता. आण्णा तरुणपणी पेठेच्या संघाकडून फुलबॅक खेळले. गुडघा गेल्यावर पुढची वीस वर्षं संघाबरोबर पाण्याच्या बाटल्या आणि लिंबं घेऊन हिंडले. कोल्हापुरात फुटबॉल हा तालमींचा आणि पेठांचा खेळ आहे. सीझनमध्ये शाहू स्टेडियमवर आपल्या संघाची मॅच असली की घरात दुपारच्या जेवणाची वेळसुद्धा त्या हिशेबानं ठरते. २००० नंतरची काही वर्षं आमच्या मंडळानं मॅचचं शूटिंग करून घेतलं होतं. लग्नाचं शूटिंग करणारा कॅमेरावालाच स्टँडवर ट्रायपॉड लावायचा आणि आठवड्यानं व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओच्या सीडी, यायच्या. तशा सतरा डिस्क निघाल्या. अकरा आमच्या घरात, सहा मावशीकडं.

मावशीचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या तोंडाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी तिच्या कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यापर्यंत आलं होतं. डिस्क त्याच कप्प्यात. पाणी उतरल्यावर तिनं भांडी, कपडे, देव सगळं धुतलं, पण या डिस्क तशाच एका पिशवीत बांधून ठेवल्या. कव्हरच्या आत गाळ वाळून पापुद्रा झाला होता. कोरड्या फडक्यानं पुसल्या असत्या तर त्या गाळानंच ओरखडे पडले असते. म्हणून आधी साध्या पाण्यात तासभर बुडवून ठेवल्या, मग साबणाच्या एका थेंबानं बोटांनी धुतल्या आणि सुती कापडानं मधून कडेकडं, सरळ रेषेत पुसल्या. गोल फिरवून पुसायचं नाही. डिस्कवरची माहिती गोल पट्ट्यांत असते. आडवा ओरखडा एका पट्टीचं थोडंसंच बिघडवतो, पण गोल ओरखडा सलग लांबचं घेऊन जातो.

तरीही सहापैकी दोन वाचल्याच नाहीत. त्याचं कारण मला नंतर नीट कळलं आणि ते सांगण्यासारखं आहे. डेटाच्या सीडीत प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या प्रत्येक कप्प्यात, चूक दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती राखून ठेवलेली असते. व्हीसीडीत त्या जागेचा बराच भाग व्हिडिओलाच देऊन टाकलाय. चित्राचा एखादा ठिपका चुकला तर चालेल, असा तो हिशेब. म्हणून त्याच ओरखड्याची डेटा सीडी निघते आणि व्हीसीडी कॉपी करताना संगणक मध्येच हात वर करतो. माझ्या ड्राइव्हनं ज्या तीन डिस्क नाकारल्या, त्या लक्ष्मीपुरीतून आणलेल्या एका जुन्या ड्राइव्हनं घरघर करत का होईना, वाचल्या. त्यामुळं कुणी अशा डिस्क टाकायला निघालं असेल तर आधी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एवढी विनंती.

व्हीसीडीतल्या एका फोल्डरमध्ये डॅट नावाची मोठी फाइल असते. तीच मॅच. एमपेग-१ प्रकारातली, चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. पीएसपीला हा प्रकार कळत नाही. त्याला एमपी४ फाइल लागते, आणि तीही त्याच्या अटींवर.

पहिली फाइल मी एफएफएमपेग या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रामनं नेहमीच्या सेटिंगवर बनवली, मेमरी स्टिकवर, म्हणजे पीएसपीच्या कार्डावर, व्हिडिओ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली आणि पीएसपी चालू केलं. यादीत मॅचच्या जागी ओळ आली, ‘अनसपोर्टेड डेटा’. तीच फाइल लॅपटॉपवर आणि मोबाइलवर छान चालत होती. हँडब्रेक नावाच्या तशाच दुसऱ्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत पीएसपीसाठी तयार सेटिंग असायचं, आताच्यात ते नाही, म्हणून एकेक गोष्ट स्वतःच तपासावी लागली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. एका वेळी एकच सेटिंग बदलायचं, दहा सेकंदांचा तुकडा बनवायचा, केबल लावायची, टाकायचा, बघायचा. शिरोलीला आमच्या शॉपमध्ये नवीन जॉब मशिनवर लावताना असंच करतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळं बसलं ते कळत नाही.

शेवटी जे बसलं ते असं. चित्राचा कोडेक, म्हणजे चित्र आवळून साठवायची पद्धत, एच.२६४, पण तिची हाय प्रोफाइल ही वरची पायरी नाही, मेन प्रोफाइल. नेहमीच्या सेटिंगमध्ये एन्कोडर, म्हणजे चित्र आवळणारा प्रोग्राम, आपणहून हाय निवडतो, आणि पीएसपी तिथंच अडतं. लेव्हल ३.०. रेफरन्स फ्रेम तीनपेक्षा जास्त नाहीत. बी-पिरॅमिड बंद, वेटेड प्रेडिक्शन बंद. (ही सगळी चित्र आणखी आवळायच्या युक्त्यांची नावं.) आवाज एएसी, स्टिरिओ, १२८ केबीपीएस. फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, जुन्या माहितीत सगळीकडं २९.९७ दिलेला, मी तोच ठेवला. मूळ शूटिंग सेकंदाला २५ फ्रेमचं असल्यानं दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा येते आणि कॅमेरा झपकन फिरला की चित्र किंचित अडखळतं. आण्णांना ते कधी जाणवलं नाही.

चित्राचा आकार ४८० बाय २७२. हा आकडा मला विचित्र वाटायचा, कारण १६:९ च्या हिशेबानं २७० यायला पाहिजे. पण हा कोडेक चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडून काम करतो. ४८० मध्ये असे तीस बसतात आणि २७२ मध्ये सतरा. २७० मध्ये ते पुरे बसत नाहीत. पीएसपीची स्क्रीनसुद्धा नेमकी ४८० बाय २७२ ठिपक्यांचीच आहे. त्यामुळं याच मापात फाइल दिली की प्रत्येक ठिपका आपल्या जागेवर बसतो, यंत्राला ताणायचं काम उरत नाही. जुन्या मार्गदर्शनात ३२० बाय २४० लिहिलेलं सापडतं. ते सुरुवातीच्या फर्मवेअरचं, म्हणजे यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरचं. २००७ साली ३.३० आलं तेव्हापासून मेमरी स्टिकवरून पूर्ण ४८० बाय २७२ चालतं, आणि ३००० मॉडेल तर त्यानंतरचं आहे.

शुक्रवारी पहिली मॅच घेऊन गेलो. इअरफोन एकाच कानात लावला, दुसरा कान सिस्टरच्या हाकेसाठी आणि मशिनच्या बीपसाठी मोकळा. आण्णांनी चष्मा चढवला. पाच मिनिटं बघितलं असेल.

"बॉल कुठाय रं?"

मी वाकून बघितलं. डाव्या कोपऱ्यातून किक बसलेली, सगळे खेळाडू एका दिशेनं पळतायत, आणि बॉल नाही. दोन सेकंदांनी तो मधल्या रेषेजवळ एकदम उगवला.

"सगळी पळत्यात, पर कशाच्या मागं पळत्यात ते दिसंना," असं म्हणून त्यांनी स्टार्ट दाबलं आणि यंत्र शालीवर ठेवलं. तक्रार नव्हती त्यात. पण फुलबॅकला बॉल न दिसता मॅच दाखवायची म्हणजे काय, हे मला घरी येईपर्यंत छळत राहिलं.

घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. फुटबॉलचा व्यास साधारण २२ सेंटीमीटर. कॅमेरा लांबून मैदानाचा ३५ मीटरचा पट्टा दाखवत असेल आणि ते ३५२ ठिपक्यांत बसवलेलं असेल, तर एका ठिपक्याच्या वाट्याला दहा सेंटीमीटर येतात. म्हणजे अख्खा बॉल दोन ठिपक्यांचा. दोन पांढरे ठिपके, वाळलेल्या गवतावर, भर उन्हात. व्हीसीडी बनतानाच त्यांच्याभोवती किडे वळवळल्यासारखी खरखर झालेली.

आणि ती खरखर नको म्हणून मी चित्र स्वच्छ करायचा फिल्टर लावला होता. तिथं घात झाला. असा फिल्टर आजूबाजूचे ठिपके आणि मागचीपुढची फ्रेम बघतो आणि जे क्षणभरच दिसतं ते पुसट करून टाकतो. गवत जागेवर असतं, ते राहतं. स्टँड जागेवर असतो, तो राहतो. जोरात मारलेला दोन ठिपक्यांचा बॉल एका फ्रेममध्ये इथं, पुढच्या फ्रेममध्ये तिथं. फिल्टरच्या लेखी तो कचराच. लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर पुसट का होईना, दिसत होता, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. हाताएवढ्या स्क्रीनवर तो गेलाच.

फिल्टर काढला. खरखर परत आली आणि तिच्याबरोबर बॉलही आला. मग बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला दिलेली जागा, ७६८ वरून १२०० केबीपीएस केला, कारण बिट कमी पडले की एन्कोडर सगळ्यात आधी असल्या बारीक, पळत्या गोष्टींवरच काटकसर करतो. तासाला साधारण ६०० एमबी झाली, म्हणजे चार तासांना २.४ जीबी. चार जीबीच्या स्टिकवर एक अख्खं डायलिसिस बसून वर जागा उरते. एवढ्यासाठी फाइल लहान करायचा हट्ट कशाला धरायचा?

दुसरं काम कापायचं. व्हीसीडीचे ठिपके चौरस नसतात, जरा आडवे पसरलेले असतात. चौरस ठिपक्यांत मोजलं तर ते चित्र ३८४ बाय २८८ होतं, म्हणजे जुन्या टीव्हीची ४:३ ची चौकट. (हे विसरून नुसतं ताणलं तर सगळा संघ बुटका आणि जाडा दिसतो.) पीएसपीच्या आडव्या स्क्रीनवर ते पूर्ण बसवलं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र लहान राहतं. त्याऐवजी उंचीतून ७२ ओळी कापल्या, २१६ ठेवल्या, तर पूर्ण स्क्रीन भरते आणि सगळं मूळच्या सव्वापट मोठं होतं. मी वरून ४८ आणि खालून २४ ओळी कापल्या. वर समोरचा स्टँड होता, खाली कॅमेऱ्यापुढच्या प्रेक्षकांची डोकी. बॉल दोन ठिपक्यांऐवजी जवळजवळ तीनचा झाला. उंच उडालेला बॉल कधीमधी वरून बाहेर जायचा, तेवढं चालवून घेतलं.

शेवटच्या दोन मॅच डीव्हीडीवर होत्या, ७२० बाय ५७६. तिथं ठिपक्यांची चणचण नव्हती, पण इंटरलेसची अडचण होती. सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. पळता बॉल थांबवून बघितला तर फणीचे दात एकमेकांत अडकवल्यासारखे दोन बॉल दिसत. त्याला याडिफ नावाचा फिल्टर लावला आणि दात गेले. मात्र तो आकार कमी करण्याच्या आधी लावायचा. नंतर लावला तर ओळी एकमेकांत मिसळून गेलेल्या असतात आणि मग त्या सुट्या होत नाहीत.

आता मॅच निवडणं. पीएसपीला देवनागरी येत नाही आणि आण्णांना इंग्रजी अक्षरं जुळवत बसायचा कंटाळा. पण त्याला प्रत्येक फाइलचं छोटं चित्र दाखवता येतं. १६० बाय १२० चा जेपेग, नाव फाइलचंच, शेवटचं एक्स्टेन्शन तेवढं टीएचएम, आणि ठेवायचा फाइलच्या शेजारी. मी प्रत्येक मॅचला समोरच्या संघाच्या जर्सीचा रंग भरला आणि त्यावर मोठ्या मराठी आकड्यात साल घातलं. चित्राच्या रूपात गेल्यावर पीएसपीवर मराठीही आली. ही पंधरा चित्रं बनवताना मला सगळ्यात जास्त समाधान मिळालं. आता ते रंग बघून मॅच लावतात, मला विचारावं लागत नाही.

पुढच्या बुधवारी पुन्हा तीच मॅच दिली. कोपऱ्यातली किक आली. आण्णांचा अंगठा स्टार्टवर तयार होता, पण त्यांनी दाबलं नाही. बॉल आला, डोक्याला लागला, बारला लागून बाहेर गेला. त्यांचा उजवा पाय चादरीखाली हलला. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, हात हलवू नका हं." ते म्हणाले, "हात न्हाई, पाय हाय."

अर्ध्या तासानं त्यांनी एक कानाचा इअरफोन काढून मला हाक मारली.

"समोरचा स्टँड कुठं गेला रं?"

"कापला आण्णा. बॉल मोठा दिसावा म्हणून."

"तिथं वरच्या पायरीला आमची माणसं बसायची की."

ते मला माहीतच नव्हतं. मूळ फाइल त्या रात्री पुन्हा उघडली. हाफ टाइमला कॅमेरावाल्यानं समोरचा स्टँड सावकाश फिरून दाखवला होता, जवळजवळ दोन मिनिटं, आणि मी त्यातल्या वरच्या ४८ ओळी टाकून दिल्या होत्या. मग त्या मॅचची दुसरी फाइल बनवली, न कापता. ३६४ बाय २७२ चं चित्र, दोन्ही बाजूंना ५८ ठिपक्यांची काळी पट्टी. बॉल परत बारीक झाला, पण स्टँड पूर्ण आला. मला तिथं डोक्यावर टॉवेल घेतलेले, छत्री धरलेले चार-पाच रंगाचे डाग दिसत होते. शुक्रवारी आण्णांनी स्टार्ट दाबून चित्र थांबवलं आणि काचेवर नख ठेवून एकेक नाव सांगितलं. शेवटचा डाग त्यांच्या गोलकीपरचा, दोन वर्षांपूर्वी गेलेले. "तंबाखू मळायला लागला की असा मान खाली घालून बसायचा," म्हणाले. तो डाग खरंच मान खाली घालून बसलेला होता.

तेव्हापासून प्रत्येक मॅचच्या दोन फाइल करतो, एक बॉलची, एक स्टँडची. स्टँडवाल्या फाइलच्या छोट्या चित्रावर पायऱ्या काढल्यात. आण्णा आधी बॉलची बघतात आणि दुसरी बॅटरी घातल्यावर पायऱ्यांची लावतात.

शेजारच्या कॉटवर गडहिंग्लजकडचे एक काका असतात. दोन आठवडे ते नुसतं मान वळवून बघत होते. गेल्या शुक्रवारी त्यांनी विचारलं, कुस्तीचं असं होतंय का, त्यांच्याकडं खासबागेतल्या कुस्त्यांच्या डिस्क आहेत. मी म्हटलं, होतंय की काका, कुस्ती तर सोपी, दोन माणसं जवळून दिसतात. यंत्र तुमच्यासाठी दुसरं बघतो. काल त्यांचा मुलगा पिशवी देऊन गेला. नऊ डिस्क आहेत, दोनवर बुरशीचे ठिपके. त्या दोन आधी पाण्यात टाकल्यात.